पिकअपला ट्रेलर जोडताय? आधी पाठीवरचं वजन मोजा

मागच्या वेळी मी सगळं केलं होतं. हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा मागचा सांधा, चांगल्या माणसाकडून बसवून घेतली, लाइट तपासले, टायरची हवा बघितली, आरसे लावले, आणि तरीही वाईला जाताना खंबाटकी घाट चढायला लागलो तेव्हा स्टिअरिंग इतकं हलकं झालं की वळणावर मी फिरवतोय आणि पुढची चाकं रस्ता धरायलाच तयार नाहीत. पहाटेचा अंधार होता. मागच्या सीटवरून आई म्हणाली, अरे, लाइट झाडांवर का पडतोय? खरंच झाडांवर पडत होता. पिकअप मागे बसली होती आणि नाक वर गेलं होतं. गाडीत पाच माणसं होती, त्यामुळे ते वळण मी अजून विसरलेलो नाही, आणि दुसऱ्या कोणावर ते येऊ नये म्हणून हे लिहितोय.

तर पहिली गोष्ट, आणि बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण ही वाचाच. पिकअप किती ओढते हे सगळे विचारतात, पाठीवर किती घेते हे कोणी विचारत नाही. ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतं, त्यातलं १० ते १५ टक्के हिचच्या बॉलवर, म्हणजे ज्या गोळ्यावर ट्रेलर बसतो त्यावर, येतं आणि ते यायलाच पाहिजे, नाहीतर ट्रेलर मागे शेपटीसारखा डोलतो. म्हणजे १२०० किलोचा ट्रेलर असेल तर १२० ते १८० किलो थेट पिकअपच्या पाठीवर. गाडी पाठीवर जेवढं वजन घेऊ शकते, ट्रकवाले ज्याला पासिंग म्हणतात, त्यातूनच ते वजा होतं. आणि त्याच पासिंगमधून तुम्ही, बायको, पोरं, हौद्यावरचं हार्डटॉप, स्टीलचा बंपर, अडकलेली गाडी ओढायची विंच, मागे टाकलेलं सामान, सगळं वजा होतं.

माझं गणित सांगतो. गाडीची एकूण मर्यादा वजा रिकाम्या गाडीचं वजन केलं तर ६५० किलो. पाच माणसं ३२०. हार्डटॉप, बंपर आणि विंच मिळून १३०. मागच्या हौद्यातलं सामान ११०. उरले ९०. आणि बॉलवर किती आलं होतं? १९०. म्हणजे शंभर किलो जास्त, आणि हे मला परत आल्यावर कळलं. इंजिनला काही झालं नव्हतं, ओढायला गाडी मस्त ओढत होती, म्हणूनच तर फसलो.

शिवाय ते वजन मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकतं. बॉल ॲक्सलपासून सव्वा मीटर मागे आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, तीन मीटरच्या जरा वर असा हिशोब धरा, बॉलवर १५० किलो ठेवले तर पुढच्या चाकांवरचे ६० किलो उचलले जातात आणि मागच्या चाकांवर २१० पडतात. लहानपणी सी-सॉवर बसलो होतो तेच. स्टिअरिंग हलकं होतं ते यामुळे.

मग मोजायचं कसं? वजनकाट्यावर जा. पुण्यात मार्केट यार्डच्या बाजूला आहेत, चाकणला आहेत, हायवेवर तर आहेतच, पावती मिळते, अर्धा तास जातो, एवढं करा. सगळे बसलेले, डिझेल फुल, सामान भरलेलं, अशी एकटी पिकअप आधी काट्यावर घ्या. मग ट्रेलर जोडा आणि फक्त पिकअपची चाकं काट्यावर ठेवा, ट्रेलरची चाकं बाहेर. दोन पावत्यांमधला फरक म्हणजे बॉलवरचं वजन. दुसरी पावती गाडीच्या एकूण मर्यादेच्या आत पाहिजे, संपलं. मग नुसता ट्रेलर चढवून त्याचंही एकूण वजन घ्या. मोठ्या काट्यावर दहा-वीस किलोचा फरक पडतो, तेवढी जागा सोडा.

ट्रेलर बनवणाऱ्याने सांगितलेल्या वजनावर जाऊ नका. मला ९०० सांगितलं होतं, काट्यावर भरलेला ट्रेलर १२४० निघाला. ते ९०० रिकाम्या डब्याचे. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो, मोठी ट्युब्युलर बॅटरी पन्नासच्या पुढे, घरगुती भरलेला सिलिंडर ३० च्या आसपास, गाद्या, भांडी, खुर्च्या, मंडप. आणि माझ्या ट्रेलरमध्ये टाकी, बॅटरी, सिलिंडर तिन्ही पुढच्या टोकाला होते. म्हणून १९०.

आता कोणीतरी हमखास सांगणार, मागच्या स्प्रिंगचा पाटा वाढवून घे. मलाही सांगितलं. पाटा वाढवला की मागचा भाग वर दिसतो, एवढंच. ॲक्सल, टायर, ब्रेक, चॅसी तेच राहतात, पासिंग एक किलोने वाढत नाही. स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या एअर बॅगचं तेच. वजन वाटून देणारी हिच मिळते, ती पुढच्या चाकांवर वजन परत आणते आणि चांगली असते, पण तिनेही पासिंग वाढत नाही, उलट तिचं स्वतःचं वजन त्यातच धरायचं.

दुसरी चूक मी घाटाच्या वर केली. घाबरून पुढचं सगळं सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला नेलं. स्टिअरिंग सुधारलं, मला वाटलं जमलं. परतीच्या दिवशी नवा कात्रज बोगदा सोडला, दरी पुलावर बाजूने एक बस गेली आणि ट्रेलर डोलायला लागला, डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक वेळी जरा जास्त. पुढे नवले पुलाचा उतार, तिथल्या अपघातांचं पुणेकरांना वेगळं सांगायला नको. अशा वेळी पिकअपचा ब्रेक जोरात दाबायचा नाही, वेग वाढवून सरळ करायलाही जायचं नाही. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर त्याचा हातातला कंट्रोल हळू दाबा. जड सामान ट्रेलरच्या ॲक्सलवर किंवा किंचित पुढे, खाली, जमिनीलगत. मागच्या टोकाला जड काही नाही. अजिबात नाही.

आता मी बंपर आणि विंच काढून टाकलेत, हौद्यातलं ७० किलो सामान ट्रेलरच्या ॲक्सलवर नेलंय, पाण्याची टाकी पण तिथेच सरकवून घेतली. ट्रेलर १३१० झाला, पण बॉलवर १५५ आणि पिकअपच्या पाठीवर जागा शिल्लक. ट्रेलर जड झाला आणि गाडी चालवायला सोपी झाली, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

ओढायची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा, ब्रेकवाल्या ट्रेलरची आणि बिनब्रेकच्या ट्रेलरची वेगळी असते, दुकानदार मोठा आकडा सांगतो. गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण मर्यादाही असते. हिचवर आणि बॉलवर पण आकडे कोरलेले असतात, सगळ्यात लहान आकडा तुमचा. मर्यादेच्या ८० टक्क्यांच्या आत राहिलात तर पसरणी घाटात क्लच जळल्याचा वास येणार नाही.

बॉलचा साइज बघा. ५० मिमी आणि दोन इंच डोळ्याला सारखेच दिसतात, फरक ०.८ मिमीचा, पण दोन इंचाचा कपलर, म्हणजे बॉलवर बसणारी ट्रेलरची वाटी, ५० मिमीच्या बॉलवर ढिला बसतो आणि खड्ड्यात उडू शकतो. सेफ्टी चेन कपलरच्या खालून क्रॉस करून लावा, म्हणजे कपलर सुटलाच तर तो चेनवर पडेल, रस्त्यावर नाही.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. उतरताना खालचा गिअर, आधीपासून, उतार सुरू झाल्यावर नाही.

ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, टायरवर कोरलेल्या नंबरच्या शेवटच्या चार आकड्यांत पहिले दोन तो बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. हेही बघून घ्या: स्टेपनी. जॅक. चाकांना लावायचे ठोकळे. वायरिंग. रुंद आरसे. ट्रेलरचं रजिस्ट्रेशन वेगळं असतं, आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्याला विकत घ्यायच्या आधी विचारा. रिव्हर्सची प्रॅक्टिस रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात.

निघाल्यावर खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या पुढे बाजूला थांबा, ट्रेलरच्या चाकांच्या हबजवळ हात न्या, एकच जास्त तापलं असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकलाय. कपलरची पिन, चेन, लाइट. आणि काट्यावर टाकी रिकामी असताना गेला होतात आणि आता पाणी भरलंय, किंवा ऐनवेळी एक माणूस वाढलाय, तर ती पावती चालणार नाही. पुढच्या काट्यावर परत वजन करा, मगच घाट चढा.