दोन एअरलाइनच्या ऑफर हातात आहेत? पगाराचा आकडा शेवटी बघा

पायलटच्या ग्रुपवर कायम हेच चालू असतं, इंडिगो घेऊ का एअर इंडिया का अकासा. माझ्या मते आधी बेस बघा, म्हणजे तुमची ड्युटी जिथून सुरू होते ते शहर. घर पुण्यात आणि बेस दिल्ली असेल तर सुट्टीचा अर्धा दिवस प्रवासातच जातो, आणि बेस बदलून मिळणं सिनिऑरिटीवर असतं, एचआर तोंडी काय म्हणतं त्याला अर्थ नाही, लेखी असेल तरच धरा.

मग विमान. अकासाकडे फक्त ७३७ मॅक्स, इंडिगोत मुख्यतः ए३२० आणि एटीआर, एअर इंडियात ७७७, ७८७, ए३५० पण आहेत. वाइडबॉडी, म्हणजे ही शेवटची तीन मोठी विमानं, ऐकायला भारी वाटतं पण लांबच्या फ्लाइटमध्ये उड्डाणाचे तास पटापट भरतात, लँडिंग मात्र कमी मिळतात, आणि कमांडची, म्हणजे कॅप्टन होण्याची, रांग मोठी असेल तर वर्षानुवर्षं उजव्या सीटवरच, म्हणजे फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) म्हणूनच. म्हणून तिथल्याच एखाद्या फर्स्ट ऑफिसरला गाठून विचारा की हल्ली अपग्रेड कितव्या वर्षी होतंय.

पगारात फिक्स किती, महिन्याला किती तास गॅरंटीड आणि त्यावरच्या तासाला काय रेट, हे वेगवेगळं काढा. टाइप रेटिंगचा (ठरावीक प्रकारचं विमान उडवायच्या ट्रेनिंगचा) खर्च कोणाचा, बाँड किती वर्षांचा तेही बघा. आणि हो, डीजीसीएच्या (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) २०१७ च्या नियमात कॅप्टनला १ वर्ष, फर्स्ट ऑफिसरला ६ महिने नोटीस आहे, त्यामुळे "आवडलं नाही तर सोडू" इतकं सोपं नसतं बरं का.