टेम्प्लेट हॅस्केल वापरताना या चुका टाळा: टाइप हरवतो तरी कुठे?

एरवी हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत टाइप (किंमत कुठल्या प्रकारची आहे ते) लिहायचा कंटाळा केला तरी कंपायलर सांभाळून घेतो. टेम्प्लेट हॅस्केलमध्ये, म्हणजे कंपाइल होतानाच कोडने कोड बनवायच्या सोयीत, हीच सवय नडते. साध्या कोटमधून (कोड न चालवता डेटा म्हणून धरणाऱ्या कंसातून) निघतं ते नुसतं सिंटॅक्सचं झाड. त्याचा टाइप जीएचसी (हॅस्केलचा कंपायलर) ठरवतो तो स्प्लाइस झाल्यावर, म्हणजे ते झाड कोडमध्ये बसवल्यावर, आजूबाजूचा कोड बघून.

माझा अर्धा दिवस खाल्लेला प्रकार सांगतो. इंटमधला (ठरावीक बिटांच्या पूर्णांकांमधला) सर्वांत मोठा आकडा, म्हणजे मॅक्सबाउंड, 'लिफ्ट' करून, म्हणजे त्याचा कोड बनवून, साध्या स्प्लाइसने कोडमध्ये बसवा, त्यात १ मिळवा आणि 'शो' करा, म्हणजे मजकुरात बदला. ६४-बिट मशीनवर ओव्हरफ्लो होऊन उणे आकडा यायला हवा ना? येतो ९२२३३७२०३६८५४७७५८०८. लिफ्टने इंटचं साधं लिटरल (कोडमध्ये थेट लिहिलेला आकडा) केलं, आणि 'हा इंट आहे' ही चिठ्ठी वाटेतच गळाली. शोला कुठलाही अंक चालतो, मग टाइप ठरत नसताना लागणाऱ्या डिफॉल्टिंगच्या नियमाने जीएचसीने इंटीजर (कितीही मोठा पूर्णांक) धरला. एरर नाहीच, वॉर्निंगही येते ती 'वॉल' (-Wall) फ्लॅग लावला तरच.

स्प्लाइसला कंस घालून पुढे इंट लिहिलं की भागतं. मी मात्र टाइप्ड कोटच वापरतो: दुहेरी उभ्या रेघांचा कोट, दोन डॉलरचा स्प्लाइस. त्यात इंट इंटच राहतो. ही सोय जीएचसी ७.८ पासून आहे, पण जुन्या ट्युटोरियलमधून सिग्नेचर (टाइप सांगणारी ओळ) उचलू नका. ९.० पासून अशा कोटचा टाइप 'कोड' झाला आहे, 'क्यू'मधला 'टीएक्स्प' नव्हे. जुनी सिग्नेचर तशीच चिकटवली तर टाइप जुळत नाही म्हणून ओरडा ऐकावा लागतो.

दुसरी खोड 'रीफाय'ची, म्हणजे एखाद्या नावाची माहिती कंपायलरला विचारणाऱ्या फंक्शनची. वर एक फंक्शन लिहिलं, सिग्नेचर दिली नाही, आणि खालच्याच फंक्शनच्या आतल्या स्प्लाइसमध्ये त्याचा टाइप रीफायला विचारला. फंक्शन डोळ्यांसमोर असतं, तरी ते टाइप एन्व्हायर्नमेंटमध्ये (टाइप कळलेल्या नावांच्या यादीत) नाही असं उत्तर येतं. दोन्ही एकाच डिक्लरेशन ग्रुपमध्ये (एकत्र तपासल्या जाणाऱ्या व्याख्यांच्या गटात) आहेत, त्यामुळे टाइप अजून पक्का व्हायचाय. दोघांच्या मध्ये रिकामी यादी परत करणारा टॉप-लेव्हल स्प्लाइस टाका, ग्रुप तिथे तुटतो. दिसायला जुगाड, पण सगळे हेच करतात. फक्त त्यानंतर वरच्या कोडला खालची नावं दिसत नाहीत, तेव्हा परस्परांना बोलावणारी फंक्शन्स एकाच बाजूला ठेवा.

'स्टेज रिस्ट्रिक्शन'चा एरर दिसला, म्हणजे त्याच मॉड्यूलमधलं फंक्शन स्प्लाइसमध्ये चालवायला घेतलं, तर फार डोकं लावू नका. स्प्लाइसमध्ये चालवायचं फंक्शन वेगळ्या मॉड्यूलमध्ये हलवा.

आणि काहीच उमगेना तर स्प्लाइसमधून बनलेला कोड दाखवणारा 'डीडंप-स्प्लाइसेस' फ्लॅग लावून बिल्ड करा. माझ्या आउटपुटमध्ये बाणाच्या पुढे तो एकोणीस अंकी आकडा एकटाच उभा होता, टाइपशिवाय.