फायकस बोन्सायची पानं पिवळी पडत होती, तेव्हा

माझं पहिलं बोन्साय फायकसचं, म्हणजे वड-पिंपळाच्या जातकुळीतल्या झाडाचं. रोज सकाळी न चुकता पाणी घालायचो, तरी महिनाभरात पानं पिवळी पडून गळायला लागली. पाणी कमी पडतंय असं वाटून संध्याकाळीही घालू लागलो. तिथेच चुकलं.

शेवटी झाड कुंडीतून अलगद काढलं. खालची माती चिखलासारखी, कुबट वास आणि काळी पडलेली मुळं. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल सुटून हातात आली, आत नुसता दोरा उरला. फिकट, टणक अशी चांगली मुळं फक्त वरच्या बाजूला शिल्लक होती.

सडलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापली. बागेतल्या मातीऐवजी विटेचे 3 ते 5 मिलिमीटरचे तुकडे आणि थोडं कंपोस्ट घेतलं. तुकडे चाळून भुकटी काढून टाकली (हे चाळणं टाळू नका, भुकटीनेच सगळ्या फटी बुजतात). कुंडीच्या भोकांतून तार ओवून झाड बांधलं, कारण ते हललं की कोवळी मुळं तुटतात. मग 3 आठवडे सावलीत, खत अजिबात नाही.

आता घड्याळ बघून पाणी घालत नाही. बांबूची काडी मातीत खोचतो, 10 मिनिटांनी काढून गालाला लावतो. गार, ओलसर लागली तर थांबायचं. जवळजवळ कोरडी लागली, की खालून पाणी वाहेपर्यंत घालायचं.

फांद्यांना तारेने वळण द्यायची घाई नवशिक्यांनी खरंच करू नये, आधी मुळं बसू द्यावीत. माझ्या झाडाला पाचव्या आठवड्यात शेंड्यावर टोकदार हिरवा कोंब आला.