संध्याकाळी ओढ्यावर फ्लायने ट्राउट कसा धरावा

ट्राउट हा थंड पाण्यातला मासा आहे. पाणी साधारण १० ते १८ अंश सेल्सिअस असताना तो मोकळेपणाने खातो. तापमान २० अंशांच्या पुढे गेले की पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि गळाला लागून दमलेला मासा सोडून दिल्यावरही मरू शकतो. उन्हाळ्यात दिवसभर तापलेले पाणी सूर्य कलला म्हणून लगेच निवत नाही, त्यामुळे आधी थर्मामीटर बुडवून पाहावा आणि पारा चढलेला दिसल्यास त्या दिवशी रॉड (गळाची काठी) जोडूच नये.

अरुंद ओढ्यासाठी सात ते आठ फुटांचा, ३ किंवा ४ क्रमांकाचा रॉड पुरतो. फ्लायला, म्हणजे गळावर पिसे-दोरा बांधून केलेल्या नकली कीटकाला, स्वतःचे वजन जवळजवळ नसते, तिला लाइनचे, म्हणजे जाड दोरीचे, वजन पुढे नेते. म्हणून रॉड आणि लाइन यांचे वजनदर्शक क्रमांक जुळणे आवश्यक आहे. लाइनच्या टोकाला साडेसात फुटांचा लीडर (निमुळता होत जाणारा पारदर्शक दोरा) आणि त्याच्या पुढे फ्लाय बांधायला ५ एक्सचे, म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीचे टिपेट (बारीक दोरा) घ्यावे.

काठावर पोहोचताच लाइन फेकण्याचा मोह होतो, तो आवरावा. वेगवान धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना भिडतात ती रेषा, मोठ्या दगडाच्या पुढची व मागची शांत जागा आणि पाण्यावर झुकलेल्या झुडपांखालची सावली, एवढ्या ठिकाणी नजर ठेवली तर मासा कुठे आहे हेच नव्हे, तर तो काय खातो आहे हेही उलगडते. पाणी जोरात उडाले तर बहुधा कॅडिस (पतंगासारखा दिसणारा कीटक) टिपली जात असते. अगदी हलके वर्तुळ उमटून विरले तर अंडी घालून पंख पसरून पडलेल्या मेफ्लाय (नाजूक, अल्पायुषी कीटक) खाल्ल्या जात असतात. अशा वेळी गळाच्या मापाने १४ किंवा १६ क्रमांकाची, पाण्यावर सपाट बसणारी फ्लाय योग्य ठरते. तोंड न दिसता नुसती पाठ दिसली, तर पृष्ठभागाच्या लगेच खाली, कोषातून बाहेर पडणारे कीटक हे त्याचे खाद्य आहे असे समजावे.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून थांबतो, म्हणून त्याच्या मागून, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाने, वाकून जावे. सूर्य पाठीशी असेल तर आपली लांबलेली सावली पुढे पाण्यावर पडते. तेव्हा बाजू बदलावी. फ्लाय माशापासून दोन-तीन फूट, प्रवाहाच्या वरच्या बाजूला उतरवावी आणि प्रवाहाच्या वेगानेच वाहू द्यावी. मधल्या वेगवान धारेत लाइन अडकली की फ्लाय ओढली जाते, तिच्यामागे बारीक रेघ उमटते आणि मासा तिच्याकडे पाठ फिरवतो. लाइन पाण्यावर पडताच तिचा मधला भाग रॉडच्या टोकाने उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकल्यास ही ओढ काही काळ टळते. मासा घेत नाही म्हणून लोक एकामागून एक फ्लाय बदलत राहतात. माझ्या मते दोष बहुतेक वेळा फ्लायचा नसून या ओढीचा असतो. पाठीमागे झाडे असतील तर लाइन मागे न नेता रोल कास्ट करावा, म्हणजे ती पाण्यावरूनच गुंडाळत पुढे फेकावी.

माशाने फ्लाय घेतली की झटका न देता रॉड शांतपणे वर उचलावा. गळ उलटा काटा नसलेला असावा, किंवा त्याचा तो काटा पक्कडीने दाबून टाकावा. हात ओले करूनच मासा धरावा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो. सोडताना त्याचे तोंड प्रवाहाकडे ठेवावे आणि तो स्वतःहून निसटेपर्यंत आधार द्यावा. स्थानिक परवाना, हंगाम आणि मासा ठेवण्याचे नियम अर्थातच आधी पाहिलेले असावेत.

अंधार पडण्याआधीच नवे टिपेट बांधून घ्यावे; संधिप्रकाशात बारीक गाठ बसवणे हा निव्वळ मनस्ताप आहे. त्यानंतर पांढरा तुरा असलेली फ्लाय वापरावी. तीही दिसेनाशी झाली, तर ती जिथे असावी असा अंदाज आहे त्या जागी वर्तुळ उमटताच रॉड उचलावा. विजेरी लागलीच तर पाण्याकडे पाठ करून लावावी, आणि परतताना ओढा पार करायचा असेल तर ती जागा उजेड असतानाच ठरवून ठेवावी.