उन्हाळी टोमॅटो: जिवाणू द्यायचे ते ट्रेमध्येच

उन्हाळी टोमॅटोची रोपं सध्या ट्रेमध्ये आहेत. व्हायरसची आठवण बहुतेकांना शेंडे गोळा व्हायला लागल्यावर होते, तेव्हा स्युडोमोनाससारखे मित्र जिवाणू देऊन काही हाती लागत नाही. 2020 च्या उन्हाळ्यात नारायणगाव-संगमनेर पट्ट्यात 'तिरंगा' म्हणतात त्या रोगाने फळं लाल-पिवळी-हिरवी झाली, ती आठवा. बेंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेच्या तपासणीत काकडी मोझॅक विषाणू निघाला. तो पसरवतो मावा.

स्युडोमोनास किंवा बॅसिलस सबटिलिस विषाणूला मारत नाहीत. ते मुळांवर वस्ती करतात आणि झाडाची प्रतिकारयंत्रणा आधीच जागी करून ठेवतात. पुढे लागण झालीच, तर लक्षणं उशिरा आणि सौम्य येण्याची शक्यता वाढते, एवढंच. 'व्हायरसवर जालीम' म्हणून कुणी पुडा पुढे केला तर तो घेऊ नका.

संकरित बियाणं बहुधा बुरशीनाशक लावलेलं, रंगीतच येतं. त्यामुळे जिवाणू बियाण्याला न लावता भर मुळांवर ठेवा. लागवडीच्या आदल्या संध्याकाळी लिटरला 10 ग्रॅम स्युडोमोनास कालवून पसरट टबात घ्या, त्यात ट्रेचा तळ बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत राहू द्या. कोकोपीट (ट्रेमधला नारळाच्या काथ्याचा भुसा) पुरतं ओलं झालं की ट्रे उचलताना जड लागतो. शेतात एकरी 1 किलो, 20 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, वाफशावर (माती ओलसर, पण चिखल नाही अशी असताना) बेडमध्ये द्या. पावडर ड्रिपमधून सोडू नका, त्यातल्या शंखजिऱ्याने ड्रिपर बुजतात; ड्रिपसाठी द्रवरूप घ्या.

दरवर्षी दिसणारी चूक वेगळीच. सोमवारी जिवाणू, आणि गुरुवारी 'मर (झाड वाळण्याचा रोग) नको' म्हणून मुळांशी कॉपर ऑक्सिक्लोराइडची (तांब्याचं बुरशीनाशक) आळवणी! तांब्याने जिवाणूही मरतात. कॉपर द्यायचंच असेल तर मध्ये 8-10 दिवस जाऊ द्या. पुड्याची मुदतही बघा. दुकानात उन्हात पडलेला असेल तर परत करा.

मावा, पांढरी माशी आणि फुलकिडे मोकळे सोडले तर या सगळ्याचा उपयोग नाही. रोपवाटिकेला बारीक जाळी, बेडवर चंदेरी मल्चिंग, आणि प्लॉटभोवती मक्याच्या दोन ओळी लागवडीच्या महिनाभर आधी. मका अजून पेरला नसेल तर आज पेरा. शेजारी जुना, संपत आलेला टोमॅटो उभा असेल तर नवी लागवड करण्याआधी तो उपटून शेताबाहेर न्या. लागवडीनंतर पहिला महिना आठवड्यातून दोनदा फिरा. शेंडा आकसलेलं झाड दिसलं की पिशवी घालून उपटा, नाहीतर झटकताना माशी शेजारच्या झाडावर बसते.