लालबाग–काळाचौकीत घर घेताय? या चुका टाळा

एजंटचा फोन येतो, “लालबागला खोली आहे, पेपर एकदम क्लिअर, आजच बघून घ्या.” या वाक्यातले ‘खोली’ आणि ‘क्लिअर’ हे दोन शब्द नीट तपासल्याशिवाय टोकन देऊ नका. गिरणगावात फसलेले बहुतेक व्यवहार याच दोन शब्दांवर घसरलेले असतात.

इथे ‘खोली’ म्हणजे निदान चार वेगळ्या गोष्टी. चाळीतली पागडीची खोली. म्हाडाच्या सोडतीत गिरणी कामगाराला लागलेलं घर. चाळ पडून नवी इमारत झाल्यावर जुन्या भाडेकरूला मिळालेला फ्लॅट. आणि बिल्डरने खुल्या बाजारात विकलेला टॉवरमधला फ्लॅट. चौघांचे कागद वेगळे, हक्क वेगळे. एजंट मात्र चौघांचा भाव एकाच सुरात सांगतो.

पागडीला मालकी समजणं

ही सगळ्यात जुनी चूक, आणि शिकलेली माणसंही ती करतात. पागडीत तुम्ही भाडेकरूचा हक्क घेता. इमारत आणि जमीन मालकाचीच राहते. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने या हक्काच्या बदल्यात पैसे घ्यायला परवानगी दिली, त्यामुळे व्यवहार चोरटा नाही. पण मालकाच्या लेखी संमतीशिवाय तो पूर्णही होत नाही. मालक आपला हिस्सा मागतो. रिवाजाने तो साधारण एक तृतीयांश असतो, आणि तो विकणाऱ्याने द्यायचा की घेणाऱ्याने, यावरून ठरलेले सौदे मोडलेले मी पाहिलेत. म्हणून हे पहिल्याच बैठकीत बोलून घ्या. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि शेवटी भाडेपावती तुमच्या नावाने हातात पडायला हवी. पावती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. आणि हो, पागडीच्या खोलीवर बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत. टोकन दिल्यावर बँकेत चौकशीला जाणारेही कमी नाहीत.

माझ्या मावसभावाने चिवडा गल्लीजवळ खोली ठरवली. सगळं जमलं, आणि पावती बघितली तर नाव विकणाऱ्याच्या आजोबांचं. आजोबा गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि संप लांबल्यावर हजारो घरांसारखे तेही कोकणात गेले. खोली मुलाकडे राहिली, आजोबा गेले, पावती कुणी बदललीच नाही. कायद्याप्रमाणे भाडेकरूच्या मृत्यूनंतर हक्क जातो तो त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाकडे. ते सिद्ध करायला जुनं रेशन कार्ड, बेस्टची बिलं, मतदार यादी गोळा करावी लागली, आणि चार आत्यांच्या सह्या. चौथी आत्या सहीला तयार होईपर्यंत वर्ष गेलं. तेव्हा पावतीवरचं नाव आणि समोर बसलेल्या माणसाचं नाव एक नसेल, तर चहा पिऊन उठा. कागद जुळले की परत जा.

याचाच एक भाऊ म्हणजे गावकीची खोली. कोकणातल्या, घाटावरच्या गावांनी मुंबईत नोकरीला येणाऱ्या आपल्या माणसांसाठी वर्गणी काढून खोल्या घेतल्या होत्या. पावती एका विश्वासू माणसाच्या नावावर, वापर सगळ्या गावाचा. त्याचा नातू आज ती ‘आमची खोली’ म्हणून दाखवतो, कागदही बिनचूक असतो, आणि तुम्ही सामान लावता तोच ग्रामस्थ मंडळ दारात. शेजाऱ्यांना फक्त एवढं विचारा, “इथे आधी कोण राहायचं?” भिंतीवर ट्रंका ठेवायच्या फळ्या ओळीने असतील तर दोनदा विचारा.

‘पुढच्या वर्षी पाडणार’ या आशेवर भाव मोजणं

30 सप्टेंबर 1969 पूर्वीच्या, दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या इमारतींना उपकरप्राप्त म्हणतात. त्यांच्या पुनर्विकासात, मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 33(7) खाली, निवासी भाडेकरूला किमान 300 चौरस फूट चटई क्षेत्राचं घर मिळतं. त्यामुळे 120 फुटांची खोली विकताना भाव 300 फुटांचा सांगितला जातो. घर मिळेल तेव्हा मिळेल, पैसे मात्र तुम्ही आजच मोजता.

इथे तीन गोष्टी पाहा. एक, पोटमाळ्यावर भरवसा ठेवू नका. एजंट तो क्षेत्रफळात मोजून दाखवतो. दोन, लागून असलेल्या दोन खोल्यांची पावती एकच असेल तर घरही एकच. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त चुकते. 13 जून 1996 नंतर निर्माण केलेली नवी भाडेदारी पुनर्विकासात धरत नाहीत. एका खोलीची मधे प्लायवूड घालून दोन केली आणि 2005 ला दुसरी पावती फाडली, तर ती पावती भाडं भरल्याचा कागद आहे, घराचा नव्हे. 1996 आधीच्या पावत्या मागा.

पुनर्विकास ठरल्यावरही, बिल्डरशी कायमस्वरूपी पर्यायी घराचा करार नोंदवल्याशिवाय खोली रिकामी करू नका. त्यात मजला, क्षेत्रफळ, बाहेर राहण्याचं भाडं आणि ते थकलं तर काय, हे लिहिलेलं हवं. दोन वर्षांचे चेक वटतात, तिसऱ्या वर्षी बिल्डरचा फोन लागत नाही. ही गोष्ट इथल्या प्रत्येक गल्लीत एकदा तरी घडली आहे.

गिरणी कामगाराचं घर मुखत्यारपत्रावर घेणं

थोडक्यात सांगतो, घेऊ नका. ही घरं ठरलेली मुदत संपेपर्यंत विकता येत नाहीत. ‘आत्ता कुलमुखत्यारपत्र करू, नंतर नावावर करू’ हा तोडगा तोडगा नाही. अशा कागदाने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलं आहे. मूळ कामगार वारला तर मुखत्यारपत्रही त्याच्याबरोबर संपतं.

रविवारी सकाळी येऊन जागा पसंत करणं

रविवारी सकाळी लालबाग फार गोड दिसतं. पण इथे राहायचं तर जुलैमध्ये मोठ्या भरतीच्या दिवशी, पाऊस चालू असताना हिंदमाताहून चालत या. 2021 पासून तिथे पाणी साठवायच्या भूमिगत टाक्या झाल्या आहेत, तरी तळमजल्याची खोली घेणाऱ्याने भिंतीवरची ओल हाताने बघावी. मिरची गल्लीच्या बाजूला एप्रिल-मेमध्ये या. घराघरांचा वर्षाचा मसाला डंकावर कुटला जात असतो आणि दमेकऱ्याला ते दिवस जड जातात. गणपतीत दहा दिवस तुमची गाडी जिथे असेल तिथे राहील आणि तुमचं घर नातेवाइकांची धर्मशाळा होईल. माझ्या मते हा तोटा नाही, पण आधी माहीत असलेला बरा.

‘स्टेशन सात मिनिटांवर’ हे स्वतः चालून बघा. डिलाईल रोडचा पूल 2018 ला बंद झाला तो पूर्ण खुला व्हायला 2023 उजाडलं. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर 2025 मध्ये पाडकामासाठी बंद झाला. पूल बंद की सात मिनिटांची वीस होतात. आणि जाहिरातीत ‘अप्पर वरळी’ असं बिल्डरांनी पाडलेलं नाव लिहिलेलं असेल तर पोस्टमनला विचारा, तो कुठे टपाल टाकतो.

टॉवरचा गुळगुळीत कागद न वाचणं

महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी क्रमांक बघा, भाव चटई क्षेत्रावर काढा, आणि नोंदणीकृत कराराआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका. तशी मागणंच कायद्याला मान्य नाही. पूर्वेला शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोडकडे बरीच जमीन बंदर प्राधिकरणाची भाडेपट्ट्याची आहे, म्हणून मालमत्ता पत्रक स्वतः काढा.

जुन्या भाडेकरूकडून पुनर्विकासातला फ्लॅट घेत असाल तर मेंटेनन्सची गेल्या दोन वर्षांची थकबाकी विचारा. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे, पण लिफ्ट आणि पंप फुकट चालत नाहीत. वीस मजल्यांवर ज्येष्ठ मंडळी आणि बंद लिफ्ट, हे दृश्य मी पाहिलंय.

आधीच अडकला असाल तर

मालक पावती देत नसेल तर भाडं थांबवू नका. मनिऑर्डरने किंवा बँकेतून पाठवा आणि पोच जपा. पावती देणं त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि भाडं थकलं तर मात्र बाजू तुमची लंगडी होते. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला महापालिकेने दिलेली परवानगी (ओसी), नसेल तर पाणी जादा दराने मिळत राहतं. बिल्डरची वाट बघण्यापेक्षा सोसायटीने वास्तुविशारद धरून महापालिकेकडे स्वतः अर्ज करावा. टॉवरमध्ये ताब्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने 30 दिवसांत, पैसे न घेता तो दुरुस्त करायचा असतो. त्यासाठी लिफ्टमध्ये भेटलेल्या सुपरवायझरला सांगून भागत नाही. ओलीचे फोटो तारखेसकट काढा, पत्र लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.