प्लेट कुठली, ते आधी सांग

'वापरलेलं अणुइंधन साठवायला सगळ्यात भारी मटेरियल कोणतं?' प्रोजेक्टला हा विषय घेतलेले ज्युनिअर हमखास विचारतात. मीही यातच सहा महिने घालवले. डबा ठेवणार कुठे आणि तिथे त्याला खाणार काय, हे ठरल्याशिवाय मटेरियलचं नाव काढू नका.

पुण्याच्या तांबट आळीतलं तांब्याचं लखलखीत घंगाळ चार पावसाळ्यांत काळंहिरवं पडतं. तरी स्वीडन-फिनलंडने डब्याला बाहेरून ५ सेंटिमीटर जाड तांबंच निवडलं. चार-पाचशे मीटर खोल खडकात, बोगदे बुजवल्यावर, ऑक्सिजन टिकत नाही. मग भीती मुख्यतः सल्फाइडची, आणि भोवतीची बेंटोनाइट माती पाणी पिऊन फुगते, त्याची वाट अडवते. तांबं मऊ, म्हणून भार पेलायला आत ओतीव लोखंड.

आपल्याकडे हे इंधन कचरा धरत नाहीत. पुनर्प्रक्रिया करून उरलेला जहाल भाग बोरोसिलिकेट काचेत गोठवतात. इथेच काम करायचं असेल तर काचही शिका. आम्हाला ती दोन लेक्चरांत उरकली होती.

माझा प्रोजेक्ट जमिनीवरच्या कोरड्या साठवणुकीचा, म्हणजे स्टेनलेसच्या डब्यांचा. समुद्राकाठी खाऱ्या हवेतलं क्लोराइड डब्यावर बसतं, वेल्डिंगचा ताण आत असतोच. तडा जायला एवढं पुरतं. ३०४ या नेहमीच्या स्टेनलेसमध्ये कार्बन ०.०८ टक्क्यांपर्यंत चालतो. वेल्डशेजारच्या उष्णतेत तो गंज अडवणारं क्रोमियम ओढून धातूच्या कणांच्या सीमेवर कार्बाइड करतो आणि सीमा उघडी पडते. ३०४एल मध्ये कार्बनची मर्यादा ०.०३.

भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून '३०४एल' म्हणून उरलेली प्लेट आणली. वेल्डशेजारच्या उष्णतेची नक्कल म्हणून ६७५ अंशांवर तासभर ठेवली, पॉलिश केली, १० टक्के ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये करंट लावून दीड मिनिट एच केली, म्हणजे पृष्ठभाग किंचित खाऊ दिला. मायक्रोस्कोपखाली कणाकणांमध्ये नुसत्या पायऱ्या दिसायला हव्या होत्या, म्हणजे सीमा शाबूत. दिसले काळे चर, एकेका कणाला चहूबाजूंनी वेढलेले, शेतातल्या बांधांसारखे.

सरांनी डोळा लावला. "प्लेट कुठली? टीसी आणलंस?"

टीसी म्हणजे प्लेटचं टेस्ट सर्टिफिकेट. कुठलं टीसी! कार्बन तपासला तर ०.०६. दोन महिन्यांचे नमुने भंगारात.

तेव्हा प्लेटसोबत टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या, आणि प्लेटवरच्या हीट नंबरचा (ती कुठल्या ओतणीतली, ते सांगणारा नंबर) फोटो कापायच्या आधी काढा. तो नंबर असलेला तुकडाच नेमका पहिला कापला जातो.